ज्ञान, माहिती आणि ‘कशावरून?’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गावच्या वाचनालयाच्या माडीवर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दहा-पंधरा माणसं जमतात आणि दोन तास एकाच विषयावर बोलतात: माणसाला काही कळतं म्हणजे काय होतं, ते कुठून कळतं आणि त्या कळण्याचं मोल काय. गाव गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं, माणसं सगळ्या वयांची. नवं कुणी आलं की तेच प्रश्न पुन्हा निघतात. प्रश्न चांगले आहेत, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे. उत्तरं माझी आहेत; मंडळातल्या सगळ्यांना ती सगळी पटतात असं नाही.

माहिती आणि ज्ञान यांत फरक काय?

इथे मराठी आपल्याला मोठी मदत करते. ‘सावईला कसं जायचं ते मला ठाऊक आहे’, ‘त्या बाईंना मी ओळखतो’, ‘मला पोहायला येतं’. तीन वाक्यं, तीन वेगळी क्रियापदं. पहिल्यात खरं किंवा खोटं ठरू शकेल असं काहीतरी आहे. दुसऱ्यात गाठभेट आहे. तिसऱ्यात अंगात मुरलेलं कसब आहे. पोहण्यावरचं पुस्तक तोंडपाठ असलेला माणूस मांडवीत बुडू शकतो, आणि पट्टीच्या पोहणाऱ्याला आपण पाण्यावर कसे राहतो हे सांगता येईलच असं नाही.

मागच्या चवथीला माझ्या पुतणीकडे माटोळीला, म्हणजे गणपतीवर बांधायच्या रानफळा-पानांच्या मंडपीला, लागणाऱ्या वस्तूंची यादी फोनवर होती, फोटोंसकट. रानात शिरल्यावर मात्र ती प्रत्येक वेलापाशी थांबून फोन काढत होती. बरोबर आत्या होती, सत्तरी ओलांडलेली. तिने चालता चालता एक पान चुरगळलं, हुंगलं आणि ‘हे नव्हे’ म्हणून पुढे गेली. कांगणी कुठल्या कुंपणावर मिळेल, कौंडाळ अजून हिरवं असेल की तांबडं झालं असेल, हे ती वळणाच्या आधीच सांगत होती. पुतणीची यादी खोटी नव्हती आणि टाकाऊही नव्हती. पण त्या यादीला ‘कशावरून?’ असं विचारलं तर ती गप्प बसते. आत्याला विचारलं की ती पान हातात देते.

हा ‘कशावरून?’ पुढे सारखा येणार आहे. माझ्या मते ज्ञानाची सगळी चर्चा या एका शब्दाभोवती फिरते.

एखादी गोष्ट खरी आहे, माझा तिच्यावर विश्वास आहे आणि त्याला कारणही आहे. मग ते ज्ञान झालं ना?

बहुतेक वेळा झालं. पाश्चात्त्य परंपरेत ही कल्पना प्लेटोच्या संवादांपासून चालत आली: खरा विश्वास, आणि त्याला पुरेसा आधार. पण एक उदाहरण घ्या. सकाळी माडीवरून मला शेजाऱ्यांची लाल स्कूटर आंब्याखाली उभी दिसते. ते मुंबईला गेले होते, म्हणजे आता परत आले, असं मी घरात सांगतो. ते खरोखरच परत आलेले असतात, पहाटेच्या गाडीने. मात्र स्कूटर रात्री त्यांचा भाचा ठेवून गेलेला असतो. माझं म्हणणं खरं, माझ्याकडे कारणही होतं, तरी मला ‘कळलं होतं’ असं म्हणवत नाही. नशिबाने जुळलं.

1963 साली एडमंड गेटियर या अमेरिकन तत्त्वज्ञाने जेमतेम तीन पानांच्या लेखात अशीच उदाहरणं दिली आणि त्या जुन्या व्याख्येला तडा गेला. पण त्याच्या सुमारे बाराशे वर्षं आधी धर्मोत्तर या बौद्ध पंडिताने जवळपास हाच मुद्दा मांडला होता. त्याचं उदाहरण असं: मांस भाजायला नुकताच विस्तव पेटवला आहे, धूर अजून निघालेला नाही, पण मांसावर किड्यांचा थवा घोंगावतो आहे. दुरून पाहणाऱ्याला तो धूर वाटतो आणि तो म्हणतो, तिथे आग आहे. आग आहेच. तरी त्याला ते कळलं म्हणायचं का? हे उदाहरण सांगितलं की मंडळातली जुनी माणसंसुद्धा दर वेळी पुढे सरकून बसतात.

अंदाज बरोबर आला तरी काम भागतं. मग ज्ञानाला जास्त मोल का द्यायचं?

हा प्रश्नही प्लेटोचाच. लारिसाला जायची वाट एकाला ठाऊक आहे आणि दुसऱ्याने नुसतीच अटकळ बांधली आहे, पण बरोबर बांधली आहे. दोघेही लारिसाला पोचतात. मग फरक काय? त्याचं उत्तर असं की खरी अटकळ ही न बांधलेल्या गुरासारखी असते, कारणाच्या दाव्याने बांधली तर टिकते. गुरा-दाव्याची उपमा माझी, प्लेटोकडे ती पळून जाणाऱ्या पुतळ्यांची आहे.

मी आळमीचं, म्हणजे रानातल्या अळंबीचं, उदाहरण देतो. पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी आळमी आपल्याकडे किती आवडीने खातात ते सांगायला नको. एकाने रानातून टोपली आणली, ‘दिसायला तशीच आहेत’ म्हणून, आणि ती नेमकी खाण्याजोगीच निघाली. जेवण छान झालं. पुढच्या टोपलीचं काय? ज्याला देठ, टोपीखालची पाती आणि वारुळात खोल गेलेलं मूळ पाहून ओळखता येतं, त्याची पुढची टोपलीही सुरक्षित असते. शिवाय नाकारायचं कधी हेही त्याला कळतं, आणि माझ्या मते ज्ञानाचं निम्मं मोल त्यातच आहे.

जाता जाता: विषारी आळमीने चांदीचं नाणं किंवा लसूण काळी पडते, हे अनेक घरांत सांगतात. ते खोटं आहे. त्यावर विसंबू नका.

ज्ञान येतं कुठून? ‘प्रमाणं’ किती?

ज्या साधनाने खरं ज्ञान मिळतं ते प्रमाण. किती, यावर आपल्याकडे शतकानुशतकं वाद झाला. चार्वाक एकच मानतात, प्रत्यक्ष. बौद्ध आणि वैशेषिक त्यात अनुमान घालतात. सांख्य ‘शब्द’ (भरवशाच्या माणसाचं सांगणं) मिळवून तीन करतात, न्यायवाले उपमान धरून चार. प्रभाकराचे मीमांसक अर्थापत्ती घेऊन पाचांवर थांबतात आणि कुमारिल भट्टांचे अनुयायी व अद्वैत वेदान्ती अनुपलब्धी धरून सहा करतात.

नावं जड वाटतात, पण रोजचा व्यवहार या सहांवरच चालतो. ओट्यावर काकांच्या चपला नाहीत, म्हणून काका घरी नाहीत: ‘नसण्याचं’ ज्ञान, अनुपलब्धी. (नैयायिक, म्हणजे न्यायवाले, म्हणतील की यासाठी वेगळं प्रमाण नको.) देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी अंगाने भरलेला आहे, म्हणजे तो रात्री जेवत असला पाहिजे. हे अर्थापत्तीचं ठरलेलं उदाहरण. उपमानाला ग्रंथांत गवय येतो: गाईसारखा दिसणारा रानातला प्राणी. आम्ही त्याच्या जागी गवा घेतो, तो गोव्याचा राज्यप्राणीही आहे. शहरातल्या मुलाला सांगितलं, म्हशीसारखा पण मोठा, आणि गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. मग नेत्रावळीच्या वाटेवर तो समोर उभा राहिला आणि मूल ओरडलं, गवा! नाव आणि वस्तू त्या क्षणी जुळली. ते जुळणं म्हणजे उपमान.

निदान डोळ्यांनी पाहिलेलं तरी खरं असतं ना?

हातच्या कांकणाला आरसा कशाला, हे कांकणापुरतं खरं. किनाऱ्यावर उन्हात चमकणारा शिंपला चांदीसारखा दिसतो. हे शुक्तिरजताचं उदाहरण भारतीय तत्त्वज्ञानात हजारदा आलं आहे. आपल्याकडे ते मिरामारला चालता चालता भेटतं. डोळ्यांनी चमक पाहिली ती खरीच होती. ‘चांदी’ हे मनाने पुरवलं. वाकून शिंपला उचलला की चूक उमगते, आणि तीही त्याच डोळ्यांनी.

‘शितावरून भाताची परीक्षा’ कितपत बरोबर?

भात एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजतो, म्हणून बरोबर. खाली लागलेला आणि वर कच्चा राहिलेला भात असेल तर एक शीत फसवतं. म्हणजे अनुमान चालतं ते शिताच्या जोरावर नव्हे, सगळी शितं सारखीच शिजली असतील या विश्वासावर. चार्वाकांनी नेमकी हीच नस पकडली: धूर तिथे आग हे तुम्ही सगळीकडे जाऊन पाहिलं आहे का? अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने हाच प्रश्न नव्याने मांडला. आजवर जे घडलं ते उद्याही घडेल, कशावरून? ‘आजवर तसंच झालं म्हणून’ हे उत्तर गोल फिरून मूळ प्रश्नाशीच येतं. या प्रश्नाला सगळ्यांना पटणारं उत्तर अजून मिळालेलं नाही, आणि तरी मिरगाच्या सुमारास पाऊस येईल म्हणून आपण पेरणीची तयारी करतो. ते योग्यच आहे.

चांगलं अनुमान कसं करावं हे पाहायचं तर आपल्या दामोदर कोसंबींकडे पाहावं. जन्म 1907, गाव कोसबे, पेशाने गणिती. जुनी आहत (ठसे मारलेली) नाणी त्यांनी अचूक तराजूवर एकेक करून तोलली. विचार साधा होता: नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, म्हणून जास्त फिरलेल्या नाण्यांचं सरासरी वजन कमी असणार आणि त्यांच्या वजनांमधला आपसातला फरकही वाढणार. हे खरं आहे का, हे पाहायला त्यांनी स्वतःच्या काळातली चलनी नाणीसुद्धा हजारोंनी तोलली. मग जुन्या साठ्यांतल्या नाण्यांचा क्रम लावला. इतिहासाला गणिताचा काटा लावणारं हे काम आठवलं की आपल्या मातीचा मला अभिमान वाटतो.

दुसऱ्याने सांगितलेलं ज्ञान म्हणायचं का? ते तर ऐकीव.

तुमची जन्मतारीख तुम्हाला कशी ठाऊक? तुम्ही तिथे होतात, पण साक्षीला उभे राहू शकत नाही. आईने सांगितलं, दाखल्यावर लिहिलं आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे आपल्यापैकी किती जणांनी मोजून पाहिलं आहे? ऐकीव सगळं वगळलं तर आपल्याजवळ अंगणाएवढं जग उरेल. म्हणून ‘शब्द’ हे प्रमाण मला सगळ्यांत मोठं वाटतं, आणि सर्वांत जास्त जपायचंही तेच.

न्यायदर्शनात अट एकच आहे: सांगणारा ‘आप्त’ हवा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष कळलेली आहे आणि जशी कळली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. भाष्यकार वात्स्यायन पुढे म्हणतात की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. दीड हजार वर्षांहून जुनं वाक्य! कुळ विचारू नका, कळलेलं आहे का आणि खरं सांगतो आहे का एवढंच विचारा.

याचा सगळ्यांत सुंदर नमुना गोव्यातच घडला. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये इकडे आला. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. छापखाना येऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. ग्रंथ आहे प्रश्नोत्तरांचा. रुआनो नावाचा, युरोपातून नुकताच आलेला काल्पनिक वैद्य विचारतो आणि ओर्ता सांगतो. रुआनो दर वेळी ग्रीक आचार्यांची नावं पुढे करतो, आणि ओर्ता त्याला बजावतो की त्या नावांनी मला भिववू नको, मी जे जाणतो तेच सांगणार आहे. त्याने बाजारात विचारलं, इथल्या वैद्यांना आणि हकिमांना विचारलं, रोगी पाहिले. पटकीचं जे वर्णन त्याने लिहिलं त्यात रोगाचं नाव आपल्या ‘मोडशी’वरूनच आलेलं आहे. म्हणजे आपल्या कुणा पूर्वजाच्या तोंडचा शब्द त्याने ऐकला, विश्वासाने घेतला, स्वतः रोग्याची नाडी पाहून ताडला आणि छापला. शब्द आणि प्रत्यक्ष यांची अशी सांगड हवी.

त्याच्या मृत्यूनंतर 1580 मध्ये इन्क्विझिशनने (चर्चच्या धर्मन्यायालयाने) त्याची हाडं उकरून जाळली, तो गुप्तपणे ज्यू धर्म पाळत होता या आरोपावरून. ग्रंथ मात्र राहिला.

व्हॉट्सअॅपवर आलेल्या गोष्टीचं काय करायचं?

यावर मीमांसक आणि नैयायिक यांचा जुना वाद कामी येतो. मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. बाध येईपर्यंत ते खरंच धरायचं. नैयायिक म्हणतात, खरेपणा बाहेरून ताडावा लागतो. घरातल्या बोलण्याला मी मीमांसकांचा नियम लावतो, नाहीतर जगणं अशक्य होईल; ‘चहा ठेवलाय’ याला पुरावा मागायचा नसतो. पुढे ढकलत आलेल्या निरोपाला नैयायिकांचा. मूळ सांगणारा कोण हेच तिथे कळत नाही, म्हणजे आप्त शोधायलाच जागा नसते. औषध, पैसा आणि दुसऱ्या समाजाबद्दलची निंदा या तीन बाबतींत तरी ‘कशावरून?’ विचारल्याशिवाय पुढे पाठवू नये.

मला स्वतःला अनुभव आला आहे. तो खोटा कसा असेल?

अनुभव खोटा नसतो, त्याचं स्पष्टीकरण खोटं असू शकतं. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा, संमोहनाचा अभ्यास करणाऱ्या गोव्याच्या धर्मगुरूंचा, पुतळा आहे, समोर निद्रेत गेलेली बाई. फारिया 1756 साली कांदोळीत जन्मले. त्यांच्या तरुणपणी युरोपात मेस्मर या वैद्याचा बोलबाला होता. शरीरात एक चुंबकीय द्रव वाहतो आणि तो वळवून रोग बरे करता येतात, असा त्याचा दावा. लोकांना झटके येत, ते बेशुद्ध होत, काहींना बरं वाटे. 1784 मध्ये फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने, ज्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते, एका मुलाला डोळे बांधून बागेत नेलं. एक झाड ‘चुंबकित’ केलेलं होतं. मुलगा चौथ्याच झाडापाशी कोसळला, आणि ते झाड भलतंच होतं. कोसळणं खरं होतं. द्रव नव्हता.

समिती एवढ्यावर थांबली: हा कल्पनेचा खेळ. फारियांनी 1813 पासून पॅरिसमध्ये लोकांसमोर प्रयोग करून दाखवले आणि सांगितलं की करणाऱ्याच्या हातात कसलीही शक्ती नाही, जे घडतं ते झोपणाऱ्याच्याच मनात घडतं, सूचनेने. त्यांनी लोकांचा अनुभव उडवून लावला नाही, त्याला योग्य जागी नेऊन ठेवलं. कुणाच्या अनुभवाबद्दल बोलताना मी हे आठवायचा प्रयत्न करतो.

शाळा न शिकलेल्या माणसाकडे असतं ते ‘खरं’ ज्ञान का?

हा प्रश्न ऐकला की मला तिसवाडीतल्या एका मानशीवर घालवलेली संध्याकाळ आठवते. मानस म्हणजे खाजनाच्या (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या सखल शेतीच्या) बांधातलं लाकडी दार. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच ते मिटतं, ओहोटीला आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं. खारं पाणी शेतात शिरलं तर भातशेतीचं मोठं नुकसान होतं, म्हणून मानशीवरच्या माणसाकडे गावाचा जीव असतो.

तिथले काका साठीचे, फार तर दुसरी शिकलेले. उधाण कधी, भांग (भरतीचा जोर कमी असतो तो काळ) कधी हे तिथीवरून सांगत होते. बांधाच्या पायथ्याशी एके ठिकाणी पाणी पाझरत होतं. मी घाबरून दाखवलं. ते बसले, ओंजळीत पाणी घेतलं, उजेडाकडे धरलं आणि सोडून दिलं. ‘निवळ आहे. निवळ असेल तोवर झोप. गढूळ आलं की मात्र धाव.’

‘कशावरून, काका?’

‘निवळ म्हणजे नुसतं झिरपतंय. गढूळ म्हणजे बांध आतून चाललाय, माती घेऊन येतंय पाणी. कुर्ल्यांनी बीळ केलं असेल.’

धरणांचे अभियंतेही पाझरणारं पाणी गढूळ आहे का यावर लक्ष ठेवतात, कारण हेच. काकांकडे नुसता सराव नव्हता. विचारल्यावर कारण सांगता येत होतं. याला ज्ञान म्हणायचं नाही तर कशाला? मात्र ‘जुनी माणसं सांगतात म्हणून खरं’ असंही मी म्हणणार नाही. चांदीच्या नाण्याची आळमीपरीक्षाही जुन्या माणसांनीच सांगितली होती. दोन्हींना प्रश्न एकच विचारायचा.

प्रमाणाने ज्ञान तपासायचं, मग प्रमाणाला कशाने तपासायचं?

नागार्जुन या बौद्ध तत्त्वज्ञाने नैयायिकांना हेच विचारलं. एका प्रमाणाला दुसरं, त्याला तिसरं, असं कुठवर? न्यायसूत्रांतला तराजूचा दाखला मला पटतो. तराजूने आपण सोनं तोलतो, तेव्हा तो प्रमाण असतो. पण त्याच तराजूबद्दल शंका आली तर ठाऊक वजनाचं सोनं घालून तराजूही तपासता येतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोणीही हे करून पाहील. सगळे तराजू एकाच वेळी फेकून दिले तर मात्र तपासायलाही काही उरत नाही. एकावर भार ठेवून दुसरा तपासायचा, मग उलट.

म्हणजे शंभर टक्के पक्कं असं काहीच नाही?

फार थोडं. देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने 1641 मध्ये सगळ्यावर शंका घेऊन पाहिली आणि शंका घेणारा ‘मी’ तरी आहे, इथे तो थांबला. पण पक्केपणा आणि ज्ञान एक नव्हेत. उद्या चूक ठरू शकेल अशा गोष्टीही आज आपल्याला कळलेल्या असतात, आधार चांगला असेल तर.

विचारलं की उत्तर देणाऱ्या संगणकाला ज्ञान असतं का?

माझं मत, नाही. आप्ताच्या दोन्ही अटी, स्वतःला कळलेलं असणं आणि खरं सांगायची इच्छा, तिथे मला दिसत नाहीत. उपयोग जरूर करावा, पण पुतणीच्या फोनमधल्या यादीसारखा: घेऊन रानात जावं आणि पान चुरगळून पाहावं. मंडळातल्या दोन तरुणांना हे अजिबात मान्य नाही; त्यांच्यासाठी पुढचा एक रविवार राखून ठेवला आहे.

चर्चा मराठीत की कोकणीत?

जो जसा बोलेल तशी. लिहितो मराठीत. कोकणीतला ‘म्हाका खबर ना’ हा ‘मला ठाऊक नाही’पेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो, असं एक आजी म्हणाल्या होत्या: खबर माझ्यापर्यंत पोचली नाही, एवढंच ते सांगतं.

यायचं असेल तर काय वाचून यावं?

काहीही नाही. तुम्हाला अगदी पक्की ठाऊक असलेली एक गोष्ट घेऊन या, आणि ती कशावरून ठाऊक आहे ते सांगायची तयारी ठेवा. गेल्या खेपेला मासे विकणाऱ्या एका बाईंनी बांगडा ताजा कशावरून ओळखायचा ते सांगितलं: डोळा वर आलेला हवा, कल्ले लालभडक हवेत, बोटाने दाबलेलं मांस लगेच वर यायला हवं. मग कुणीतरी विचारलं, कल्ले लाल तर रंग लावूनही करता येतील. बाईंनी पाटीतला बांगडा उचलला, त्याच्या नाकाशी धरला आणि म्हणाल्या, ‘मग हुंग.’